निळ्या दाराच्या टपरीचा फोटो

सान रोके गावात एलिसेओ तिबादुइसाचं सलून सोमवारी बंद असायचं आणि मंगळवारी सकाळी तिथं बसायला जागा नसायची. सगळ्यांचेच केस वाढलेले असत असं नाही. आदल्या दिवशी डॉन एलिसेओ सायकलवरून कुठवर जाऊन आला, वाटेत कोण भेटलं, कुठल्या कुत्र्यानं पाठ धरली, हे त्याच्या तोंडून ऐकायला लोक येत. हात कात्री चालवायचे आणि तोंड कात्रीच्याही पुढं धावायचं.

बोयाकाच्या त्या डोंगरी मुलखात सायकलचं कुणाला अप्रूप नाही. तिथं दर चार घरांआड एक तरी शर्यतवाला निपजतोच. एलिसेओ मात्र त्यातला नव्हता. तरुणपणी तो एकाच शर्यतीत उतरला आणि अर्ध्या वाटेवर सायकल टेकवून एका खानावळीत सूप पीत बसला, असं त्याची बायको एदेल्मिरा गावभर सांगायची. तो नाकारायचा नाही. "सूप चांगलं होतं," एवढंच म्हणायचा.

फोटोंचा नाद त्याला लागला तो लेकीपायी. नुबिया स्पेनला गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची सेवाशुश्रूषा करायला. पहिल्याच हिवाळ्यात तिनं फोनवर रडत सांगितलं, "बाबा, इथं सगळं सपाट आहे हो. एखादा डोंगर तरी पाठवा." पुढच्या सोमवारी एलिसेओ सायकल दामटत वर गेला, तळ्याचा फोटो काढला आणि खाली चार ओळींची गोष्ट लिहून पाठवली. लेकीनं तो मैत्रिणींना दाखवला, मैत्रिणींनी आपापल्या घरच्यांना. असं करता करता फोनवर एक गटच उभा राहिला. नाव, 'सोमवारची सायकल'. राजधानीला, बोगोताला गेलेले, परदेशी गेलेले, कोण कोण सोमवारी संध्याकाळी एलिसेओच्या फोटोची वाट बघत बसायचे. ते आणखी चार जणांना आत ओढायचे. गटात नेमकं कोण आहे हे शेवटी शेवटी एलिसेओलाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक करून घ्यावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी तो वरच्या पारामोवर गेला होता. तिथं झाडं संपतात, गार वारं सुटतं आणि धुक्यात जाड केसाळ पानांची फ्राइलेखोनची झुडपं माणसांसारखी उभी असतात. चढ संपतो तिथं ब्रिहिदा नावाच्या म्हातारीचं, मानानं म्हणायचं तर डोन्या ब्रिहिदाचं, घर आहे आणि घराला लागून निळ्या दाराची टपरी. गेल्या काही महिन्यांपासून ती टपरी रोसा नावाची एक तरुण बाई चालवत होती. बरोबर तिची लहान मुलगी. एलिसेओ तिथं नेहमी थांबायचा. गुळाचं कढत पाणी, त्यात बुडवायला चीजचा तुकडा आणि मक्याची जाडजूड भाकरी, आरेपा. रोसा कमी बोलायची, पण त्याच्या थापा ऐकून घ्यायची.

"डोन्या रोसा, एक फोटो काढू का तुमचा?" त्यानं विचारलं.

"माझा कशाला? डोंगराचा काढा ना," असं म्हणून ती पाठमोरी झाली.

एलिसेओला वाटलं, बाई लाजते. मग त्यानं एक विनोद केला. आपल्यामागं लागलेल्या कुत्र्याला आपण टायरमधली हवा देऊ केली, असा काहीसा. रोसा खो खो हसत वळली. हातात किटली, मागं निळं दार, दारात कोंबडी छातीशी धरून उभी असलेली पोरगी आणि त्यांच्यापलीकडं ढग फाटून आलेलं ऊन. त्यानं बटण दाबलं. इतका सुंदर फोटो त्याच्या हातून आजवर निघाला नव्हता.

संध्याकाळी त्यानं तो गटात टाकला. खाली लिहिलं, 'वरच्या पारामोवर रोसा नावाची एक बाई आहे. तिच्या हातचं गुळाचं पाणी प्यालं की पायांना पुन्हा चढ हवासा वाटतो. वाट कुठली म्हणाल? ती सांगायची तर मंगळवारी सलूनमध्ये यावं लागेल.' नुबियानं स्पेनहून लाल बदामांची रांग लावली. एलिसेओ झोपेपर्यंत फोन बघत होता.

मंगळवारी दुपार होता होता गर्दी ओसरली. बाकावर फक्त म्हातारा डॉन कुस्तोदिओ पेंगत होता. तेव्हा एक परका माणूस आत आला. तिशी-पस्तिशीचा, बूट चकचकीत पुसलेले, बोलणं मऊ.

"तुम्हीच का ते सायकलवाले मास्तर?"

"मीच तो पापी. बसा. काय करायचं?"

"दाढी. जरा नीट करा. आज एका ठिकाणी चांगलं दिसायचंय."

"म्हणजे मुलगी बघायला निघालात की काय!" म्हणत एलिसेओनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस घुसळता घुसळता त्याची नेहमीची बडबड सुरू झाली. परका ऐकत होता, मधूनमधून हसत होता. मग म्हणाला, "माझी भावजय आहे तुमच्या त्या गटात. तिनं कालचा फोटो दाखवला. काय फोटो काढलाय हो! म्हटलं, मास्तरांच्याच तोंडून वाट ऐकावी."

एलिसेओ फुलला. वस्तरा धारेला लावत त्यानं सगळी वाट सांगून टाकली. जुन्या क्रूसापाशी डावीकडं वळायचं, उजवीकडं नाही. मग दगडी पूल. मग चढ आणि चढाच्या डोक्यावर निळं दार, चुकायची सोयच नाही.

"आणि रात्री तिथं कोण असतं? ती बाई एकटीच?"

"एकटीच म्हणायची. शेजारी म्हातारी आहे एक."

"आणि पोरगी," परका म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "पुढचे दात आले का तिचे?"

एलिसेओचा हात संथ झाला. "कुणाचे?"

"कोंबडी धरलीय ना, तिचे. फोटोत तोंड मिटलेलं आहे, कळत नाही." मग तो फेसाआडून हसला. "रोसा म्हणे! तिच्या आजीचं नाव रोसा. तिचं नाव देयानिरा. बायको आहे माझी."

वस्तरा त्या माणसाच्या गळ्यावर होता आणि तो थांबला होता. एलिसेओच्या डोळ्यांपुढं एकाएकी कितीतरी सोमवार उभे राहिले. टपरीसमोर गाडी थांबली की रोसा आधी खिडकीच्या फटीतून बघायची, मग दार उघडायची. कढत किटली उचलतानासुद्धा डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून धरायची. एकदा बाही वर सरकली होती तेव्हा त्यानं कोपरापर्यंत गेलेला भाजल्याचा चट्टा पाहिला होता आणि स्वतःशी म्हटलं होतं, चुलीपाशी काम करणारी बाई, भाजायचंच.

"थांबलात का मास्तर? अर्धी दाढी राहिलीय."

"नाही... धार बघतोय."

त्यानं मन घट्ट करून वस्तरा फिरवला. थोडा वेळ काढावा म्हणून पुन्हा फेस लावला, गरम पाण्यातला टॉवेल चेहऱ्यावर ठेवला, मानेवरचे केस साफ करायला घेतले. मग जमेल तितक्या सहजपणे म्हणाला, "आज वर जाऊन उपयोग नाही हो. रात्रीच्या पावसानं दरड आलीय रस्त्यावर. गाड्या तिष्ठत उभ्या आहेत."

"असू दे. थांबण्यात मी पटाईत आहे," टॉवेलखालून उत्तर आलं. "वर्ष होईल आता थांबून. घरचं माणूस घरी आणायचं तर थोडी कळ काढावी लागते. आणि मास्तर," त्यानं टॉवेल बाजूला केला आणि आरशातून एलिसेओकडं पाहिलं, "तुमचे उपकार झाले. तिला म्हणेन मी, तुझ्या सायकलवाल्यानंच पत्ता दिला."

तो बाहेर पडला. पांढऱ्या पिकअपचं दार आपटलं आणि गाडी वरच्या रस्त्याला लागली.

मधल्या दारात एदेल्मिरा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "जिभेला हाड नाही तुझ्या, एलिसेओ," ती हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं फोन काढला आणि फोटो पुसायला लागला.

"फोटो पुसून काय होतंय? त्याच्या डोक्यातली वाट पुसता येणारेय का? पोलिसांना लाव फोन!"

टपरीवर फोनची रेंज नव्हती. डोन्या ब्रिहिदाकडं फोनच नव्हता. पोलीस चौकीत एका पोरसवदा शिपायानं फोन उचलला.

"गुन्हा झालाय का?"

"अजून नाही."

"मग? नवरा बायकोला भेटायला चाललाय. त्यात आम्ही काय करणार? आणि दरड आहे. रस्ता मोकळा झाला की बघू."

एलिसेओनं फोन ठेवला आणि मागच्या अंगणातून सायकल काढली. एदेल्मिरानं अडवलं नाही. उकडलेले बटाटे आणि मीठ तिनं फडक्यात बांधलं, त्याच्या जॅकेटच्या खिशात कोंबलं आणि म्हणाली, "तू पायडल मार. मी फोन मारते. तो शिपाई माझा आवाज ऐकून कंटाळेपर्यंत मारते. मग त्याच्या वरच्याला. मग कुटुंबाच्या तक्रारी घेतात त्या कचेरीतल्या बाईला. जा."

बाकावर डॉन कुस्तोदिओ जागा झाला होता. "माझे केस?"

"वाढू द्या!" एलिसेओ ओरडला आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

सोमवारी तो हा रस्ता गुणगुणत चढायचा, मनाला येईल तिथं थांबून फोटो काढायचा. आज त्याला ना दरी दिसत होती ना आभाळ. डोळ्यांपुढं चाकाखालची हातभर जमीन आणि कानांत स्वतःचा श्वास. 'पत्ता दिला, पत्ता दिला,' असंच साखळी म्हणते आहे असं त्याला वाटत होतं.

दरडीपाशी ट्रक, बस, गाड्या यांची रांग वळणापर्यंत आली होती. लोक खाली उतरून चिखलाकडं बघत होते. माती ओढणारं यंत्र गुरगुरत होतं. रांगेच्या मध्यावर पांढरी पिकअप उभी होती. काच खाली, कोपर बाहेर. तो माणूस सुरीनं संत्रं सोलत होता.

पलीकडं जायची वाट त्या गाडीला खेटूनच होती. एलिसेओ एका ट्रकच्या आडोशाला उभा राहिला. काय करावं कळेना. तेवढ्यात मागून रंगीत कपड्यांतली सरावाला निघालेली पोरं आली. त्यांच्या जोशात दरडीचं कुणाला काही नव्हतं. त्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि ओळीनं चिखलात उतरली. एलिसेओनं टोपी भुवयांपर्यंत ओढली, सायकल खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मधोमध घुसला. पिकअपच्या अगदी जवळून जाताना संत्र्याचा वास आला. त्यानं मान वळवली नाही.

चिखलाच्या मध्यावर त्याचा पाय सटकला. "अहो आजोबा, जपून!" एका पोरानं त्याचा दंड धरला. आवाज घुमला. एलिसेओला पाठीमागं काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. सुरी, संत्रं, की नुसता त्याचा भास, सांगता येत नाही. तो पलीकडं पोचला, सायकलवर बसला. पोरं बघता बघता पुढं निघून गेली. आणि मग त्यानं मागं यंत्राची शिटी ऐकली. लोक ओरडत होते. एक मार्गिका मोकळी झाली होती.

क्रूसापाशी तो डावीकडं वळला तेव्हा तोंडाला फेस आला होता. पुढं दगडी पूल, एका वेळी एकच गाडी मावेल एवढा. पुलावर समोरून सिल्वेरिओचा दुधाचा ट्रक येत होता. सिल्वेरिओ रोज वरच्या वाड्यांवरून दूध गोळा करून खाली आणायचा. एलिसेओनं दोन्ही हात वर केले.

"काय रे, आज मंगळवारी?" सिल्वेरिओनं डोकं बाहेर काढलं. "चेहरा बघ स्वतःचा. भूत पाहिलंस का?"

एलिसेओनं धापा टाकत दोन-चार वाक्यांत सांगितलं. सिल्वेरिओचं हसू विरलं. त्यानं एकदा खालच्या रस्त्याकडं पाहिलं. तिथं धुक्यात गाडीचे दिवे चमकू लागले होते. मग त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून सदऱ्याच्या आत टाकली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं.

"बिघडली बघ," तो म्हणाला. "भर पुलावर. काय करणार बाबा, जुनी गाडी. तू अजून इथंच?"

एलिसेओनं सायकल ट्रक आणि कठड्यामधल्या फटीतून काढली. वळणावरून त्यानं पाठीमागचा हॉर्न ऐकला. मग आणखी एक, लांबलचक. आणि सिल्वेरिओचा खणखणीत आवाज, "माझ्यावर कशाला ओरडता दादा, ट्रकवर ओरडा!"

शेवटचा चढ त्यानं अर्धा सायकलवर आणि अर्धा ती ढकलत पार केला. निळं दार बंद होतं. खिडकीच्या फटीत एक डोळा दिसला, मग कडी वाजली.

"डॉन एलिसेओ? आज कसे काय?"

"डोन्या रोसा..." तो चाचरला. "डोन्या देयानिरा."

हातातलं भांडं तिनं अलगद खाली ठेवलं. "कुणी सांगितलं हे नाव तुम्हाला?"

त्यानं सगळं सांगितलं. फोटोचं, गटाचं, दाढीचं. पायांखालची जमीन बघत सांगितलं. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मी नको म्हणाले होते."

"हो."

"डोंगराचा काढा म्हणाले होते मी तुम्हाला."

"हो, डोन्या."

"मला वाटलं होतं, तुमच्या त्या फोनमध्येच राहतील ते डोंगर. लोकांना वाटता हे कधी बोलला होतात का?" तिचा आवाज चढला नाही, पण कडा धारदार झाल्या. "एका दुपारच्या कौतुकासाठी!"

ती आत गेली. पिशवीत पोरीचे कपडे, स्वेटर, कागदपत्रं कोंबू लागली. पोरगी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही, तिनं आपणहून बूट घातले. बूट घालायची तिची ती घाई एलिसेओ बघत राहिला.

डोन्या ब्रिहिदा काठी टेकत आली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठं पळतेस? रस्ता एकच, त्यावरून तोच येतोय. वर धुकं आहे, पोर गारठून मरेल. बस इथं." मग तिनं टपरीच्या कोपऱ्यात टांगलेला लोखंडी पत्रा काठीनं बडवायला सुरुवात केली. बटाटा काढणीच्या दिवसांत जेवायला हाक मारायला तो पत्रा वाजायचा. पण ही जेवायची वेळ नव्हती. वरच्या शेतातली माणसं कुणाचं काय बरंवाईट झालं म्हणून कुदळी-फावड्यांसकट धावत खाली आली. बाप्ये होते, बाया होत्या. डोन्या ब्रिहिदानं त्यांना दोन शब्दांत सांगितलं. कुणी फार काही विचारलं नाही. लोकरी रुआना अंगाभोवती ओढून ते टपरीपुढं, भिंतीला टेकून, दगडांवर, जागा मिळेल तिथं बसले.

पुलापाशी गाड्यांची रांग वाढली तेव्हा सिल्वेरिओला ट्रक बाजूला घ्यावाच लागला. पांढरी पिकअप आली तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं, की आधी फक्त दार आपटल्याचा आवाज आला. मग तो चालत आला. चकचकीत बुटांना चिखल लागला होता. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हसला.

"शुभ दुपार. अरे मास्तर! म्हणजे दरडीत धडपडलेले आजोबा तुम्हीच."

बसलेली माणसं जागची हलली नाहीत.

"मी भांडायला आलेलो नाही, मंडळी. माझ्या बायकोशी दोन शब्द बोलायचेत."

"ती टपरी चालवते," डोन्या ब्रिहिदा म्हणाली. "काही खायचं-प्यायचं असेल तर मागा. नसेल तर रस्ता मोकळा आहे."

तेवढ्यात निळं दार उघडलं आणि देयानिरा बाहेर आली. तिनं दार मागं ओढून घेतलं, पोरगी आतच राहिली.

"बोल आर्नुल्फो. काय बोलायचं ते यांच्यासमोर बोल."

"घरी चल ना, राणी. आई अंथरुणाला खिळलीय. रोज तुझं नाव काढते." आवाज लोण्यासारखा मऊ. "झालं गेलं ते गेलं. मी तुला माफ केलंय."

"तू मला माफ केलंयस?" देयानिरानं बाही वर सारली, पार कोपरापर्यंत. बटाटे काढणाऱ्या बायांमधून एक हुंकार उठला. "हे मी केलं होतं वाटतं?"

त्याचं हसू एखादा दिवा मालवावा तसं गेलं. त्यानं झडप घालून तिचं तेच मनगट पकडलं. एलिसेओ सर्वांत जवळ होता. तो धाडसी माणूस नव्हता, आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नव्हता. भिंतीला टेकलेली सायकल त्यानं धरली आणि ती दोघांच्या मधे घालून आपल्या सगळ्या वजनानिशी रेटली. पकड सुटली. पुढच्याच क्षणी आर्नुल्फोनं सायकलसकट त्याला उचलून दगडांवर आपटलं. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज एलिसेओनं स्वतःच ऐकला.

मग भिंतीला टेकलेली माणसं उठली. कुदळी कुणी उगारल्या नाहीत, त्या तिथंच ठेवल्या. आठ-दहा हातांनी आर्नुल्फोला चिखलात पालथं पाडलं आणि दोन बाया त्याच्या पाठीवर बसल्या. तो शिव्या देत राहिला. त्यातली एक बाई म्हणाली, "हळू बोल रे बाबा, पोरगी ऐकतेय."

पोलीस बऱ्याच वेळानं आले. आपोआप दुरुस्त झालेला ट्रक घेऊन सिल्वेरिओही तोवर वर आला होता. तो पोरसवदा शिपाई पुढं होता, त्याच्यामागं त्याचा वरिष्ठ आणि कचेरीतली बाई. एदेल्मिरानं सगळ्यांचे कान किटवले होते. पिकअपच्या सीटखाली दोराचं वेटोळं आणि पोरीच्या मापाचा नवाकोरा फ्रॉक सापडला. फ्रॉक बघून देयानिरा पहिल्यांदा रडली.

एलिसेओला खाली नेण्यासाठी सिल्वेरिओच्या ट्रकमध्ये बसवत होते तेव्हा ती त्याच्यापाशी आली. तिनं त्याच्या गळ्यात आपल्या शालीची झोळी बांधली, हात नीट त्यात ठेवला.

"दुखतंय का?"

"नाही," तो खोटं बोलला.

"तुम्ही आलात हे खरं आहे, डॉन एलिसेओ. आणि फोटो तुम्हीच टाकलात हेही खरं आहे. मी दोन्ही लक्षात ठेवीन."

"ठेवा," तो म्हणाला.

आर्नुल्फोवर खटला चालला. पण तो कायमचा आत राहील अशी खात्री कुणीच दिली नाही. आठवडा उलटायच्या आत टपरीला कुलूप लागलं. देयानिरा पहाटे पोरीला घेऊन कुठंतरी निघून गेली होती. कुठं, ते डोन्या ब्रिहिदालाही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही तिच्या तोंडून कुणी काढू शकलं नाही.

खांद्याचं हाड सांधेपर्यंत सलून एदेल्मिराच्या भाच्यानं सांभाळलं. एलिसेओ बाकावर बसून असायचा. लोक गोष्ट ऐकायला यायचे. ही तर त्याच्या सगळ्या गोष्टींत मोठी, आणि या खेपेला ती फुगवायचीही गरज नव्हती. पण तो सांगायचा नाही. "पडलो," म्हणायचा. "रस्ता निसरडा होता." गटातल्या माणसांना त्यानं एकेक करून विचारलं, तुम्ही कोण, कुणाकडून आलात. ज्यांची ओळख पटेना त्यांना बाहेर काढलं. खूप जण रागावले. आर्नुल्फोची भावजय त्याआधीच निघून गेली होती.

नुबिया एके दिवशी फोनवर म्हणाली, "बाबा, मलाच वाईट वाटतं. मीच मागितला होता डोंगर."

"डोंगर मागितलास, डोंगर देत होतो तोवर ठीक होतं ग," तो म्हणाला.

हाड जुळल्यावर तो पुन्हा सोमवारचा बाहेर पडू लागला. सुरुवातीला चढ झेपेना. फोटो काढायचा, पण वाटेत माणूस दिसलं की फोन खिशात घालून आधी उतरून बोलायचा. एकदा बटाट्याच्या वाफ्यात खुरपणाऱ्या एका म्हाताऱ्यानं "नको" म्हटलं, तर हा तिथंच बसून त्याच्याबरोबर गुळाचं पाणी प्यायला आणि तसाच परत आला. त्या सोमवारी गटात नुसतं धुकं गेलं. डॉन कुस्तोदिओ म्हणाला, "हे रे कसलं? यात काहीच दिसत नाही." एलिसेओ म्हणाला, "होतं तेवढं दाखवलं."

पुढच्या वर्षी बटाटे काढणीच्या सुमारास सिल्वेरिओ दाढी करायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं आवाज खाली आणला.

"परवा लांबच्या बाजारात गेलो होतो, गाई बघायला. तिथं एक बाई भेटली. स्वतःचं खाण्याचं दुकान थाटलंय. पोरगी शाळेत जाते, चुरूचुरू बोलते. तुला नमस्कार सांगितलाय तिनं. अन् म्हणाली, खांदा कसा आहे विचारा. अरे, ठाऊक आहे का कुठं, ते तर पार..."

एलिसेओनं फेसानं भरलेला ब्रश सरळ त्याच्या तोंडावर फिरवला.

"गप," तो म्हणाला. "कुठं ते सांगू नकोस मला."

सिल्वेरिओ ओठांवरचा फेस पुसत त्याच्याकडं बघत राहिला. एलिसेओ वस्तरा धारेला लावत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"खांदा बरा आहे म्हणावं," तो म्हणाला. "पावसाळी हवेत ठणकतो थोडा. मान वर कर."